आंब्याखालचं पाणी

सर, तुमच्या तेरवीला मी आले ती संशय घेऊनच आले. आता तुमच्यापाशी खोटं काय बोलायचं? लोक फोटोला हार घालत होते आणि मी दाराशी उभी राहून कोण कोण येतंय ते बघत होते. तुमचे जुने पोट्टे आले होते. एक मेजर झालेला, साध्या शर्टात, पण त्याचं उभं राहणं काही लपत नव्हतं. दोन तहसीलदार, एक ठाणेदार बाई, एक वनखात्यातला. सगळे रडले. मी नाही रडले. मालतीकाकूंनी दोनदा विचारलं, "सुनीता, काहून अशी उभी आहेस गं? बरं नाही का?" मी म्हटलं, बरं आहे काकू. खरं म्हणजे मी तुमच्यावर चिडलेली होते, आणि गेलेल्या माणसावर चिडण्यात मोठी पंचाईत असते. समोरून उत्तरच येत नाही.

मग तो आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तीन बोटांत तीन अंगठ्या. राजूरकडं खाणीच्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून पाणी मारत फिरणारे टँकर ज्याचे आहेत, तो ठेकेदार. चपला नीट बाजूला काढून आत आला, तुमच्या फोटोपुढं हात जोडून बराच वेळ उभा राहिला, रुमालानं डोळे पुसले. परत जाताना माझ्यापाशी थांबला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मॅडम, सरांच्या जुन्या वह्या कोठी असतात हो? त्या गावोगाव फिरून लिहिलेल्या?"

मी म्हटलं, मला नाही माहीत.

आठ वर्षं माझ्या मनात एकच प्रश्न आहे, सर. आमच्या तांड्याचं पाणी तुम्ही त्या माणसाला दिलं होतं का? बस्स, एवढाच. तुम्ही होतात तोवर विचारायची हिंमत झाली नाही. आणि आता हा बाप्पा तुमच्यासाठी डोळे पुसतोय म्हटल्यावर उत्तर मिळालंच असं मला वाटलं. घरी गेले ती तुम्हाला मनातल्या मनात नाही नाही ते बोलत गेले.

पोरांनी स्मरणिका काढायची ठरवली आहे. त्यात माझा लेख आहे. त्यात तुम्ही कर्तव्यदक्ष आहात, विद्यार्थिप्रिय आहात, आणि तुमच्या जाण्यानं पोकळी वगैरे निर्माण झाली आहे. तुम्ही वाचला असता तर लाल पेनानं अर्धा खोडला असता. हे आता लिहितेय ते मात्र छापायचं नाही. हे मी तुमच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून राह्यले, आणि वही पुन्हा कपाटात जाईल. किल्ली माझ्याकडे आहे.

तुमचा क्लास म्हणजे वणीच्या स्टँडमागं, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. खालून खताचा वास यायचा आणि वर तुम्ही हिमालय काढायचात. मी पहिल्यांदा जिना चढले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तांड्यातून सायकलनं फाट्यावर, फाट्यावरून एसटीनं वणीला. मला फौजदार व्हायचं होतं. तुम्ही विचारलंत, "नाव?" मी सांगितलं. "गाव?" मी म्हटलं, तांडा. "तांडा कुठला? तांडे शंभर आहेत." मी नाव सांगितल्यावर तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "फाट्यावरून उजवीकडे, नाला ओलांडून, चढावर. सत्तावीस-अठ्ठावीस घरं." मी चाटच पडले. आणि खरं सांगू? तेव्हाच पहिली पाल चुकचुकली. वकिलांच्या घरातला, पेठेत तीन पिढ्या राहणारा हा माणूस, याला आमची घरं कशाला मोजायची होती?

तुम्ही सगळ्यांना हुद्द्यानं हाक मारायचात. "भावी लेफ्टनंट, खिडकी लाव." "भावी तहसीलदार, जांभई देताना तोंडापुढं हात." राळेगावच्या बाजूनं येणारी पोरं एसटी चुकली म्हणून उशिरा आली, की तुम्ही म्हणायचात, "पूर आल्यावर लोकांना काय सांगशील, एसटी चुकली म्हणून?" मला मात्र तुम्ही पहिल्या दिवसापासून राठोडबाई म्हणालात. मला वाटलं, ही फौजदार होणार नाही हे यांनी ओळखलंय. राग आला होता.

शनिवारी खोट असायची. हे बाहेरच्या माणसाला सांगूनही समजणार नाही. तुम्ही न बघता फळ्यावर नकाशा काढायचात, कधी जिल्ह्याचा, कधी सरहद्दीचा, आणि त्यात मुद्दाम एक गोष्ट खोटी घालायचात. तास संपायच्या आत ती शोधायची. ज्याला सापडेल त्याला खालच्या टपरीवरचा चहा तुमच्याकडून. पहिल्याच शनिवारी मी उठून म्हटलं, "सर, पैनगंगा उलटी वाहून राह्यली." सगळा वर्ग हसला. तुम्ही नाही हसलात. म्हणालात, "हसू नका रे. जो अधिकारी नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवतो तो माणसं मारतो. मग तो फौजेत असो नाहीतर तहसिलीत." मी तो चहा प्यायले, आणि तुमचं ते वाक्य माझ्यात असं काही जाऊन बसलं, की पुढं मी ते तुमच्यावरच चालवलं.

कळंबची सहल आठवते. चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून आम्ही कुंडापाशी गेलो. सगळ्यांनी हात जोडले, तुम्हीही मनापासून जोडलेत. मग डोळे उघडून म्हणालात, "देवाला नमस्कार झाला. आता भूजल सांगा. हे पाणी आलं कुठून?" पुजारी तुमच्याकडं असा बघत राहिला की आम्हाला हसू आवरेना. त्या दिवशी मला तुम्ही फार आवडलात. हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल, राठोडबाईनं नुसत्या तक्रारी लिहिल्या.

तो रविवार त्यानंतरचाच. तुम्ही तालुक्याच्या पाण्याचा नकाशा करायला घेतला होता. कुठली विहीर मेपर्यंत टिकते, कुठला झिरा आटत नाही, सगळं स्वतः जाऊन बघायचं. तुमचं म्हणणं, जुन्या वाटा आणि जुनं पाणी लमाणांइतकं कोणाला ठाऊक नाही. बैलांवर धान्य नि मीठ लादून मुलूखभर फिरलेली माणसं, पाण्याचा पत्ता असल्याशिवाय मुक्काम करत नसत. माझ्या बाला हे सगळं त्याच्या आजाकडून आलेलं होतं. तुम्ही म्हणालात, "तुझ्या बाला विचारायचंय. तू दुभाषी हो."

पण त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावात काय झालं होतं ते तुम्हाला मी सांगितलं नाही. असाच एक वही घेतलेला भला माणूस आला होता, गोड बोलून विहीर बघून गेला. आठ दिवसांत टँकर लागले. महिन्यात विहिरीचा तळ दिसला, आणि बाया दोन मैल लांब जाऊ लागल्या. आमच्या तांड्याजवळ एक झिरा आहे. दोन घागरी बुडतील एवढाच, पण आमच्या बाच्या आठवणीत तो कधी आटला नाही. उन्हाळाभर सगळा तांडा त्याच्यावर असतो, आणि वापरून झालं की वर चपटा दगड ओढून ठेवतात. हा आमच्याकडचा रिवाज. पाहुण्याला पाणी देतात, पाणी दाखवत नाहीत.

तुम्ही येणार कळल्यावर नाईकानं बैठक घेतली. नाईक म्हणजे आमच्या तांड्याचा प्रमुख. तो मलाच म्हणाला, "पोरी, तुह्या मास्तराचं आम्ही वाईट नाई म्हनत. पन वही याच्याजवळ बी हाय आन् त्या शेजारगावच्या मानसाजवळ बी होती. पानी कोनाले दाखवाचं नाई."

तुम्ही आलात. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, तुम्हाला तांब्याभर पाणी दिलं. तुम्ही ते वरून न पिता तोंड लावून प्यायलात, आणि तिला त्याचं केवढं कौतुक! पेठेतला माणूस आमच्या तांब्याला तोंड लावून पितो. मग बा तुम्हाला घेऊन निघाला, मधे मी. बा आमच्या बोलीत बोलायचा आणि मी मराठीत सांगायचे. चढावरच्या एकट्या आंब्यापाशी तो थांबला आणि मला बोलीत म्हणाला, तुला जे सांगायचं ते सांग, मला खोटं बोलायला लावू नको. असं म्हणाला माझा बा. हात मात्र आंब्याच्या बुंध्याकडं केला.

आणि मी म्हटलं, "सर, बा म्हणतो, इथं आंब्याखाली झिरा आहे. आता दगडांनी बुजवलाय."

सर, खोटं माझ्या बानं सांगितलं नाही. तांड्यानं सांगितलं नाही. मी सांगितलं. तुम्ही खाली बसून दगडांवर हात फिरवलात, माझ्याकडं पाहिलंत, पेन्सिलीला टोक केलंत आणि लिहून घेतलंत. दोन महिन्यांनी तुमचा मोठा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लागला. निळ्या शाईत, तुमच्या सुरेख अक्षरात, आमच्या तांड्याचा झिरा आंब्याखाली. दरवर्षी नवी पोरं तो वहीत उतरवून घेत राहिली. जिथं थेंब नाही तिथलं पाणी.

मुलाखतीत मी दोनदा पडले, वय संपलं. तुम्ही म्हणालात, "पदं पुष्कळ आहेत, भूगोल शिकवणारी माणसं कमी आहेत. तू शिकव." मी शिकवायला लागले. मला वाटलं, दया करून राह्यले. मग वाटलं, नाही, यांना तांड्यातलं माणूस जवळ हवंय. माझं डोकं असंच चालतं सर, तुम्हीच तसं घडवलं.

आणि मग आठ वर्षांपूर्वीचा तो दिवस. मी दुपारच्या तासाला जिना चढत होते. खाली पांढरी गाडी. वर खिडकीतून पाहिलं तर तो अंगठ्यावाला तुमच्यापुढं बसलेला. तुम्ही त्याला चहा दिलात. आपल्या कपातला, शनिवारच्या चहाच्या कपातला. मग कपाटातून तालुक्याच्या पाण्याच्या नकाशाची नक्कल काढलीत, गुंडाळी केलीत, वर रबर लावलंत आणि त्याच्या हातात दिलीत. तो तुमच्या पाया पडला. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात. मी तिथल्या तिथं जिना उतरले आणि डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवला.

त्या आठवड्यात तांड्यावर दोन टँकर आणि एक मशीन आलं. सरळ आंब्याकडं. कोणालाही न विचारता! दिवसभर खणलं, दगडाखाली दगड निघाला. संध्याकाळी शिव्या देत निघून गेले. तांडा हसून हसून लोळला. नाईक म्हणाला, "पाह्यलं का पोरी, तुह्या मास्तराची वही!" बा हसला नाही. मीही नाही. आमचं पाणी वाचलं होतं, पण ते माझ्या खोट्यानं वाचलं होतं. तुम्ही तर दिलंच होतं. तुमच्या लेखी ते खरं पाणी होतं, आणि ते तुम्ही उचलून देऊन टाकलं होतं.

त्यानंतर मी तुमच्या घरी कधी जेवले नाही, हे काकूंच्या लक्षात आलं होतं. तुमच्याही आलं असणार. मी वर्गात पोरांसमोर तुम्हाला एकदा विचारलं, "सर, नकाशा कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हे कोण ठरवतं?" तुम्ही खडू झटकलात. "ज्यानं काढला तो." मी म्हटलं, "आणि ज्याच्या जमिनीचा आहे, तो?" तुम्ही म्हणालात, "प्रश्न बरोबर आहे, राठोडबाई. आपण यावर बोलू." कधी बोललोच नाही. दर शनिवारी खोट सापडली, टाळ्या झाल्या, की तुम्ही फळा पुसता पुसता म्हणायचात, "एक राहिली," आणि माझ्याकडं बघायचात. पोरांना ती तुमची सवय वाटायची. मला मात्र वाटायचं, यांना संशय आलाय, हे मला घोळात घेऊन राह्यले, खरी जागा काढून घ्यायचीय यांना.

दवाखान्यातसुद्धा तेच. नाकात नळी, आवाज बसलेला, काकू औषध आणायला खाली गेलेल्या. तुम्ही डोळे उघडलेत. "राठोडबाई, काही सांगायचं आहे का?" मी म्हटलं, "नाही सर. तुम्ही आराम करा." तुम्ही म्हणालात, "बरं. शनिवार तू घे." एवढंच. दोन दिवसांनी फोन आला.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मला बोलावलं आणि कपाटाची किल्ली हातात ठेवली. "हे तुह्यासाठी सांगून गेलते. मले म्हणे, बाकी कोणाले नको देजो." मी किल्ली घेतली ती आभार मानून नाही. झडती घ्यायला घेतली. मला पुरावा पाहिजे होता, सर. काय लिहिलंय, कोणाला दिलंय, काय सौदा झालाय, सगळं.

वह्या ओळीनं लावलेल्या होत्या. गावांची नावं कण्यावर. आमच्या तांड्याची वही मला लगेच सापडली. हीच. जमिनीवर बसून उघडली.

त्या रविवारचं पान. तुमचं पेन्सिलीचं अक्षर, जसंच्या तसं उतरवते. "आंब्याखाली झिरा असल्याचं सांगितलं. शक्य नाही. जागा चढावर आहे, दगड कोरडे, आंब्याकडं जाणारी पायवाट नाही. पाण्याकडं जाणारी वाट बायकांच्या पायांनी पडते. मुलीच्या आईनं पाणी दिलं तेव्हा तिची चुंबळ ओली होती आणि ती दुसऱ्या बाजूनं आली होती." आणि खाली, खऱ्या जागेची खूण. अगदी बरोबर, पावलं मोजून. ती तुम्ही लिहिलीच आहे, मी पुन्हा लिहीत नाही. त्याखाली एक ओळ: "मुलगी सांगताना माझ्याकडं बघत नव्हती. खोटं बोलायची सवय नाही तिला. त्यांच्याकडं कारण असणार. नकाशात आंबाच राहू द्यावा."

त्याच दिवशी, सर! तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. याडीची ओली चुंबळ तुम्ही पाहिलीत, आणि मी तुमचा पेन्सिल धरलेला हात बघत बसले होते.

पुढं पानं उलटली. आठ वर्षांपूर्वीची नोंद. "टँकरवाले आले होते. नाही म्हटलं असतं तर स्वतः शोधत फिरले असते, कोणाला तरी पैसे दाखवून विचारलं असतं. नकाशा दिला. खणू देत. इथं काही नाही अशी खात्री झाली की पुन्हा येणार नाहीत. राठोडबाई जिन्यात होती, तिनं पाहिलं. तिला समजलं का? ती आपणहून सांगेल तेव्हा बोलू. तोवर तिची खोट तिच्यापाशी."

मी रडले, सर. तेरवीला जे राहिलं होतं ते सगळं तुमच्या कपाटापुढं जमिनीवर बसून रडले. लाज वाटली. तुमच्या घरचं आठ वर्षं न जेवलेलं जेवण, काकूंनी पुढं केलेली प्रत्येक वाटी, सगळं आठवलं. आणि डोळे पुसता पुसता तुमचा असा संताप आला! आपणहून सांगेल म्हणे. अहो, मी कशी सांगणार होते? तुम्हीच शिकवलंत ना, कशावर विश्वास ठेवायचा नाही? एक दिवस मला बाजूला घेऊन म्हटलं असतं, की बाई, मला माहीत आहे, तर काय बिघडलं असतं? तुम्ही माझी परीक्षा घेत बसलात आणि मी तुमचा तपास करत बसले. दोघंही शहाणे. डोळे झाकून विश्वास ठेवणारा अधिकारी माणसं मारतो, ठीक आहे. पण ज्याला कोणावरच विश्वास ठेवता येत नाही त्याचं काय होतं, हे तुम्ही एकाही शनिवारी घेतलं नाहीत.

आता आजचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

आरती तुम्हाला ठाऊक आहे. राळेगावची, शेतावर रोजंदारी करून फी भरणारी, लष्कराच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसलेली. तुम्ही तिला भावी कॅप्टन म्हणायचात, एकदम एक पायरी वर. तुम्ही दवाखान्यातून सांगितलंत तो शनिवार मी घेतला, आणि तास संपल्यावर ती भिंतीवरच्या नकाशापुढं उभी. "मॅडम, ह्या तांड्याचा झिरा चढावर कसा? इथं पाणी निघाले जागाच नाई." इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ती खोट पकडली. मी काय केलं असेल? म्हटलं, "आजची खोट फळ्यावर होती, भिंतीवर नाही. घरी जा." तिचं तोंड एवढंसं झालं. चहाही दिला नाही मी तिला.

आज दुपारी तो अंगठ्यावाला क्लासवर आला. खुर्चीत बसला, इकडंतिकडं बघितलं. "मॅडम, सरांसारखा मानूस चुकीचं लिहिनार नाई. आम्ही खनलं तवा काई लागलं नाई. म्हनून म्हटलं, जुन्या वहीत काई येगळं असन. यंदा पानी लय लागून राह्यलं." बोलणं गोड, डोळे कपाटावर. वही माझ्या टेबलाच्या खणात होती, माझ्या गुडघ्यापासून वीतभर. उठून त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. आणि मग तुमचं अक्षर आठवलं. नाही म्हटलं असतं तर शोधत फिरले असते.

मी खालून चहा मागवला. तुमच्याच कपात दिला. म्हटलं, "वही पाहिली मी. सरांनी लिहून ठेवलंय. झिरा आंब्याखालीच होता, पण जुना, तेव्हाच आटत आला होता. आता तिथं काही नाही." पुन्हा एकदा दुभाषी झाले, सर. तेव्हा बाच्या नावावर खोटं सांगितलं, आज तुमच्या. नक्कल काढली, गुंडाळी केली, रबर लावलं. "नवीन हवी असेल तर घेऊन जा." त्यानं घेतली. वाकून पाया पडायला आला तर मी मागं सरकले, पण तेवढ्यात त्याचं समाधान झालेलं मला दिसलं. पुन्हा येईल असं वाटत नाही. आलाच तर आपल्याकडं नकला पुष्कळ आहेत.

तो उतरला आणि मी वर पाहिलं. जिन्यावरच्या खिडकीत आरती उभी होती.

तिनं सगळं पाहिलं होतं. चहा, नकाशा, त्याचं वाकणं. आणि त्या नकाशात खोट आहे हे तिला माहीत आहे. आणि मी तिला गप्प बसवलं होतं हेही. ती नुसती बघत होती. सर, ते बघणं मी ओळखते. आठ वर्षं आरशात दुसरं काही पाहिलंच नाही मी. मग ती वळली आणि जिना उतरायला लागली, मी उतरले होते तशीच. उद्या तिचं डोकं दुखेल. परवा ती चहाला नाही म्हणेल. दर शनिवारी मी "एक राहिली" म्हणेन, आणि ती माझा तपास करत बसेल.

मी खिडकीतून ओरडले. वर्गात पोरं होती, खाली दुकानात गिऱ्हाइकं होती, तरी ओरडले, "आरती! वर ये. आत्ता."

तिनं मान वर केली. आली नाही लगेच. खालच्या पायरीवर उभी राहिली. मी म्हटलं, "तुझा चहा राहिलाय माझ्याकडं. त्या शनिवारचा."

ती वर्गाबाहेर बाकावर बसली आहे. अर्धा तास झाला. मी तिला म्हटलं, थांब जरा, लिहून होऊ दे. तुम्ही कदाचित म्हणाल, घाई करून राह्यली राठोडबाई, पोरगी अजून कच्ची आहे, वही कोणाला दाखवायची नसते. नाईकही तेच म्हणेल. तुमचं बरोबर असेल. पण हा वाद तुम्ही अर्धा टाकून गेलात, तेव्हा आता शेवटचा शब्द माझा. माझ्या आयुष्यातली आठ वर्षं तुमच्या सावधगिरीत गेली, तिची मी जाऊ देणार नाही. तुम्ही दवाखान्यात विचारलंत ना, काही सांगायचं आहे का? हाव सर. आंब्याखाली पाणी नव्हतं. मी खोटं बोलले होते.

चहा आला आहे, दोन कप. वही मी मिटत नाही. त्या रविवारच्या पानावर उघडून टेबलावर ठेवते, आणि तिला आत बोलावते.